पंच्याहत्तरीपुढच्या फायली

ऑफिसात तिला व्हिसाबाई म्हणत. तिकीटवाल्याने हे नाव पाडलं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती आणि तिला ते मुळीच आवडलं नव्हतं. आता ती बावन्नची होती आणि फोनवर स्वतःची ओळख तशीच करून द्यायची. बाजाराच्या मुख्य रस्त्यावर पहिल्या मजल्यावर प्रवास कंपनीची जागा होती. दोन खोल्या, चार टेबलं आणि भिंतीवर बर्फाच्या डोंगराचं मोठं चित्र. त्याचा वरचा कोपरा ओल लागून सुटला होता आणि दर वर्षी कुणीतरी तो नव्याने चिकटवायचं.

ती लागली तेव्हा परदेशी जाणारे लोक थोडे होते. नवी लग्नं झालेले, शिकायला जाणारे आणि एखादा कारखानदार. मग चित्र पालटत गेलं. कुणी ठरवून काही केलं नाही. आधी सोफा गेला. तो इतका खोल होता की एक निवृत्त मुख्याध्यापक त्यात बसले ते मालकांनी आणि तिकीटवाल्याने दोन्ही बाजूंनी हात देईपर्यंत उठू शकले नाहीत. जाताना ते म्हणाले, "सहल राहू द्या, आधी मला इथून बाहेर काढायचा काय आकार घेता ते सांगा." दुसऱ्या दिवशी हातांच्या उंच खुर्च्या आल्या. मग माहितीपत्रकातलं अक्षर मोठं झालं. मग जिन्याला दुसऱ्या बाजूनेही कठडा बसला. खालचं बाळांच्या कपड्यांचं दुकान बंद होऊन तिथे चष्मे आणि कानात घालायची यंत्रं मिळू लागली. समोरच्या शाळेत एकेका इयत्तेच्या चार तुकड्या असत, त्या दोनवर आल्या. पूर्वी शाळांना सुट्ट्या लागल्या की ऑफिसात पाय ठेवायला जागा नसे. आता सुट्ट्यांत तिकीटवाला पंखे पुसत बसायचा आणि शाळा सुरू झाल्या की गर्दी व्हायची. विमानं रिकामी, हॉटेलं स्वस्त, आणि ज्यांना कुणाच्या परीक्षेची काळजी नाही अशी माणसं हातात पिशवी घेऊन जिना चढत यायची.

"आपल्याकडे लोक श्रीमंत व्हायचे राहिले आणि म्हातारे आधी झाले," मालक म्हणायचे. स्वतः ते एकाहत्तरचे. "पण पेन्शन आहे, मुलं एक नाहीतर दोन, तीही मार्गी लागलेली, आणि गुडघे नवीन. माणसाने जायचं नाही तर करायचं काय?"

गुडघ्यांचं खरं होतं. शस्त्रक्रियेला सहा महिने झाले की फोन यायचाच. विमानतळावर यंत्र वाजलं तर दाखवायला डॉक्टरांचं कार्ड लागतं हे व्हिसाबाईला तोंडपाठ होतं. कुठल्या वयाला विम्याचा हप्ता उडी मारतो आणि ऐंशीनंतर पहिल्यांदाच परदेशी जाणाऱ्याला विमेवाले कसे दारातूनच परत पाठवतात हेही. सगळ्यांत जास्त कौतुक तिच्या बोटांच्या ज्ञानाचं व्हायचं. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि म्हाताऱ्या माणसांची बोटं झिजलेली असतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या बायकांची तर जास्तच. यंत्राच्या काचेवर त्यांचं बोट म्हणजे नुसता पांढरा डाग. म्हणून पंच्याहत्तरीपुढच्या प्रत्येकाला ती ठशांच्या तारखेआधी दहा दिवस स्वतः फोन करायची. पाण्यात हात घालायचा नाही, साबण नाही, दिवसातून तीनदा क्रीम चोळायचं, तारखेच्या दिवशी मात्र हात कोरडे. चोवीस वर्षांत तिच्या फायलींपैकी ठशांपायी अडलेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

आणि मुलं. खरं घोडं मुलांपाशीच अडायचं.

म्हातारी माणसं दुपारी बारा ते तीनमध्ये यायची, मुलं कामावर असताना. "घरी फोन करू नका हं," ही त्यांची पहिली अट. व्हिसाबाईने त्यांच्यासाठी एक रीत घालून दिली होती. आधी पासपोर्ट, मग पैसे, मग व्हिसाचा अर्ज, मग ठसे. मुलांना सांगायचं सगळ्यांत शेवटी, जेव्हा रद्द करायचं म्हटलं तर निम्मेही पैसे परत मिळत नाहीत. निम्मे बुडणार म्हटल्यावर भलेभले मुलगे मऊ पडतात. शेवटचा कागद संमतीपत्राचा. पंच्याहत्तरीपुढच्या प्रवाशाच्या घरच्या कुणीतरी ऑफिसात येऊन सही करायची की आम्हाला पूर्ण कल्पना आहे. तो मसुदा तिनेच लिहिला होता. एका आजोबांना परक्या देशात तीन आठवडे दवाखान्यात राहावं लागलं आणि त्यांचा मुलगा मालकांच्या अंगावर धावून आला, त्यानंतर. पहिल्या मसुद्यात मुलगा, मुलगी, सून, जावई असं होतं. वर्षभरात तिने शेवटचे दोन शब्द काढून टाकले.

"का गं?" मालकांनी विचारलं होतं.

"सुना फार पटकन सही करतात," ती म्हणाली होती. "वाचतसुद्धा नाहीत."

हे सगळं ती घरी जेवताना सांगायची. नवरा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात, त्याच्याकडे सांगण्यासारखं फुटलेल्या नळांखेरीज काही नसायचं. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात. टेबलाशी तिसरी खुर्ची सासूबाईंची. त्या ऐकायच्या. मध्ये एखादा प्रश्न विचारायच्या. "मग त्याने सही केली?" "केली." "हं."

सासूबाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, परदेशी कॉलच्या बोर्डावर. कानाला यंत्र लावून, एकाची दोरी दुसऱ्याच्या भोकात खुपसून, माणसाला माणूस जोडून द्यायचा आणि दर तीन मिनिटांनी वेळ झाल्याचं सांगायचं. त्यामुळे त्यांचं बोलणं तोडकं आणि स्वच्छ होतं. घरात फोन वाजला की त्या अजूनही "बोला" म्हणायच्या आणि लेकीचं, म्हणजे व्हिसाबाईच्या नणंदेचं, बोलणं तीन मिनिटांपुढे गेलं की घड्याळाकडे बघायच्या. वय एकोणऐंशी. स्वतःचं ताट आणि कप स्वतः घासायच्या. त्यावरून नवी सून असताना व्हिसाबाईला अपमान वाटला होता. पुढे सवय झाली.

एका मंगळवारी टेबलावर सहा फायलींचा गठ्ठा आला. निवृत्त टेलिफोनवाल्या बायकांचा गट, कंपनीची चाळीसेक जणांची अकरा दिवसांची सहल, चार देश. गटाची म्होरकी उंच, करड्या केसांची बाई. ती गठ्ठा तिकीटवाल्याकडे देऊन, पैसे भरून गेली होती. व्हिसाबाईने नेहमीप्रमाणे जन्मतारखा बघत फायली चाळल्या. सगळ्या पंच्याहत्तरीपुढच्या. सहाव्या फाईलवर पत्ता तिच्या घरचा होता.

फोटो नियमाप्रमाणे. पांढरी भिंत, चष्मा काढलेला, दोन्ही कान दिसताहेत. सासूबाई चष्म्याशिवाय जरा उर्मट दिसत होत्या. अडचणीच्या वेळी कुणाला कळवायचं या रकान्यात सुवाच्य अक्षरात व्हिसाबाईचं नाव आणि ऑफिसचाच नंबर. पासपोर्ट आठ वर्षांपूर्वीचा, ओळखपत्र म्हणून काढलेला, एकही शिक्का नसलेला. पैसे पूर्ण भरलेले. संमतीपत्र कोरं.

तिने पुन्हा एकदा क्रम बघितला. पासपोर्ट, पैसे, अर्ज. पुढे ठसे. तिचीच रीत, एक पायरी इकडची तिकडे नाही.

"काय झालं?" तिकीटवाल्याने विचारलं. "कागद कमी आहे?"

"नाही," ती म्हणाली. "सगळे आहेत."

त्या संध्याकाळी ती घरी काही बोलली नाही. सासूबाईही बोलल्या नाहीत. फाईल टेबलावर पोचली असणार हे सासूबाईंना माहीत होतं आणि त्यांना ते माहीत आहे हे व्हिसाबाईला. नवऱ्याने फुटलेल्या नळाची हकिगत सांगितली. दोघींनी ती नेहमीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकली.

तिला सासूबाईंचा राग आला होता का, हे तिचं तिलाही नक्की सांगता आलं नसतं. भीती मात्र होती, आणि तिचं रूप स्पष्ट होतं. सासूबाई कुठल्यातरी हॉटेलच्या न्हाणीघरात घसरल्या तर नवरा विचारेल, "तुझाच धंदा आणि तुला कळलं नाही?" नणंद विचारणारही नाही. ती सगळ्या नातेवाइकांना सांगेल. दुसऱ्यांच्या आईवडलांसाठी चोवीस वर्षं भांडताना या प्रश्नापाशी येऊन थांबायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, कारण ती आईवडील दुसऱ्यांची होती. आणि दुसरी बाजूही तिला पाठ होती. सासूबाईंना ऐंशी पुरी व्हायला चार महिने होते. सहल अडीच महिन्यांनी. ही चुकली तर पुढची नव्हतीच.

ठशांची तारीख लागली. दहा दिवस आधी तिने पाच जणींना फोन केले. पाण्यात हात घालू नका, क्रीम, तीनदा. सहावीला घरी जाऊन सांगू, असं तिने स्वतःला सांगितलं. त्या संध्याकाळी पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी डोकं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी सासूबाई नळाखाली ताट घासत असताना ती दारात उभी राहिली, आणि मग फडताळातून साखरेचा डबा काढून आत गेली. त्यानंतर तिने स्वतःला काही सांगितलं नाही.

सासूबाईंचे ठसे उमटले नाहीत.

हे त्यांनी जेवतानाच सांगितलं, मुलाच्या देखत. व्हिसा केंद्रातल्या माणसाने काच चार वेळा पुसली, त्यांची बोटं आपल्या हातांनी दाबून बघितली, तरी उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट यंत्राला दिसेना. पंधरा दिवसांनी परत या, म्हणून चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी त्यांनी टेबलावर ठेवली.

"कुठले ठसे?" नवऱ्याने घास हातात धरून विचारलं.

"परदेशी जातेय मी. आमच्या एक्स्चेंजच्या बायकांबरोबर."

"कधी ठरलं हे?"

"पैसे भरून महिना झाला."

नवऱ्याने घास ताटात ठेवला आणि बायकोकडे वळला. "तुमच्या ऑफिसातूनच असेल."

"हो."

"आणि तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," व्हिसाबाई म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. त्या जेवत राहिल्या.

नवऱ्याने नणंदेला फोन लावला आणि तिचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा फोन टेबलाच्या मध्यावर ठेवला. नणंद बराच वेळ बोलली. आईला या वयात काय सुचतंय, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, तिकडे काही झालं तर भाषा कुणाला येते, आणि वहिनीला तरी कळायला हवं होतं, तिचं तर रोजचं काम. "ते काही नाही. बरं झालं ठसे आले नाहीत ते. परस्पर मिटलं."

"बाहेर फिरायचं तर आपण जाऊ की," नवरा म्हणाला. "गाडी करून. दोन दिवस. तू म्हणशील तिथे."

"मी म्हणते तिथे गाडी जात नाही," सासूबाई म्हणाल्या.

"पण आई, तिथे आहे काय असं?" फोनमधून नणंद.

सासूबाई म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी इथून कॉल लावले. इथे दोरी खुपसली की तिथे घंटा वाजायची. ती कुठे वाजत होती ते एकदा बघायचंय."

मग नणंद म्हणाली, "आता मोबाईल आले आई, कुठे घंटा आणि कुठे काय." सासूबाईंनी घड्याळाकडे बघितलं, "तीन मिनिटं झाली," म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गटाची म्होरकी जिना चढून आली. ती व्हिसाबाईच्या समोरच्या उंच खुर्चीत बसली आणि पाणी नको म्हणाली.

"आम्हा पाचजणींचे आले. तिचेच नाही."

"होतं कधीकधी. परत तारीख मिळेल."

"क्रीमचं तिला तू सांगितलं नव्हतंस?"

"राहिलं," व्हिसाबाई म्हणाली. "गडबडीत राहून गेलं."

"आम्हाला वाटलं, तिच्या घरातच सगळं शहाणपण आहे, आपण काय सांगायचं. नाहीतर मीच सांगितलं असतं." म्होरकीने टेबलावरची पेन्सिल सरळ करून ठेवली. "मी बोर्डावर तिची वरिष्ठ होते. कोण विसरलं आणि कोणी मुद्दाम लाईन दिली नाही, एवढं मला कळायचं."

पलीकडे तिकीटवाला एकदम फार कामात दिसू लागला.

"भांडायला आले नाही मी," म्होरकी म्हणाली. "तुझ्या जागी मी असते तर कदाचित हेच केलं असतं. पण एक लक्षात ठेव. तिला नाही म्हणायचं तर तोंडावर म्हण. पंधरा दिवसांनी परत असंच झालं तर तुला काहीच म्हणावं लागणार नाही, आणि तुझं फावेल."

ती गेल्यावर व्हिसाबाईने नव्या तारखेचा अर्ज भरला. त्या दिवशी तिने दोन मुलांना फोनवर समजावलं की आईवडलांना जाऊ द्या. दोघांनाही तिने तेच सांगितलं जे गेली चोवीस वर्षं सांगत होती. शब्द कुठे अडले नाहीत.

संध्याकाळी घरी गेल्यावर सासूबाई चहाचा कप विसळायला उठल्या तेव्हा तिने तो त्यांच्या हातातून घेतला.

"ठेवा तो."

"का?"

"तारखेपर्यंत पाण्यात हात घालायचा नाही. साबण नाही. हे क्रीम. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. बोटांच्या पेरांना नीट चोळायचं. ज्या दिवशी जायचं त्या दिवशी लावायचं नाही."

सासूबाईंनी ट्यूब हातात घेऊन, चष्मा वर करून, वरचं सगळं लिखाण वाचलं. त्यांना प्रत्येक गोष्ट वाचायची सवय होती.

"याने येतात ठसे?"

"बहुतेक येतात."

"हे तू सगळ्यांना सांगतेस."

"हो."

"त्या पाचजणींना सांगितलंस."

"हो."

सासूबाईंनी ट्यूबचं झाकण उघडून बघितलं आणि परत लावलं. बाहेरच्या खोलीत नवरा बातम्या ऐकत होता.

"तुझ्या मनात नव्हतं तर सांगायचं," त्या म्हणाल्या. "मी भांडले असते. भांडता आलं असतं."

"चुकलं माझं."

"हं," सासूबाई म्हणाल्या. त्या खुर्चीत बसल्या आणि क्रीम लावायला लागल्या. व्हिसाबाई कप घासत असताना त्या एवढंच म्हणाल्या, "बशी पण घास. तशीच ठेवतेस तू."

दोन आठवडे व्हिसाबाईने त्यांचं ताट घासलं. ठसे उमटले. आठव्या दिवशी व्हिसाही आला.

राहिलं संमतीपत्र. नवऱ्याने हात वर केले. "आईला जायचं तर जाऊ दे, मी अडवत नाही. पण सही मागू नका. उद्या काही झालं तर माझ्या सहीने झालं असं नको." नणंद तर सहीसाठी सहा तासांचा प्रवास करून येणार नव्हतीच, आणि आली असती तर कागद फाडायला. शेवटची मुदत शुक्रवारची होती. शुक्रवारी दुपारी बाराला सासूबाई स्वतः ऑफिसात आल्या, चोवीस वर्षांत पहिल्यांदा. जिन्याच्या मधल्या वळणावर जरा थांबल्या, मग वर आल्या, आणि इतर प्रवाशांसारख्याच टेबलासमोर बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या.

सहीआधी प्रवाशाला विचारायचे अकरा प्रश्न होते. व्हिसाबाईने कागद पुढे ओढला. घरी ज्या बाईशी ती रोज बोलत असे तिला हे प्रश्न विचारताना तिला अवघडल्यासारखं झालं. सासूबाईंना तसं काही झालेलं दिसलं नाही. त्यांनी गोळ्यांची नावं मात्रेसकट सांगितली. मधुमेह नाही. शस्त्रक्रिया एक, डोळ्याची.

"गेल्या वर्षभरात चक्कर, पडणं, शुद्ध हरपणं?"

"चक्कर. दोनदा."

व्हिसाबाईची पेन्सिल थांबली. "कधी?"

"एकदा गच्चीवर, वाळत घातलेले कपडे काढताना. एकदा बँकेत, रांगेत. बसले, पाणी प्यायले, गेली. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळी बदलली. पाच महिने झाले, परत आली नाही. त्यांचा कागद आहे." त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला.

"घरी सांगितलं नाहीत."

"घरी सांगितलं असतं तर घरीच राहिले असते."

"मग इथे कशाला सांगितलं?"

"इथे खरं सांगायचं असतं," सासूबाई म्हणाल्या. "तूच म्हणतेस ना जेवताना. लोक खोटं सांगतात आणि मग विमेवाले पैसे देत नाहीत."

व्हिसाबाईने डॉक्टरांचा कागद दोनदा वाचला. मग प्रश्नापुढे लिहिलं: चक्कर, दोनदा, उपचार झाले, पाच महिन्यांत नाही. हे लिहिल्यावर कुणी म्हणू शकणार नव्हतं की तिला माहीत नव्हतं. माहीत होतं, आणि आता ते तिच्याच अक्षरात होतं. तिने चाकाच्या खुर्चीची सोय मागितली. विमानात कडेची जागा, पुढची, शौचालयाजवळची. हॉटेलात खालचा मजला आणि न्हाणीघरात धरायला दांडा असलेली खोली. सासूबाई चाकाच्या खुर्चीला नाही म्हणतील असं तिला वाटलं होतं.

"ढकलणारा बरोबर असतो का?" त्यांनी विचारलं.

"असतो."

"मग चालेल. रांगेत उभं राहायला नको."

मग तिने संमतीपत्र काढलं, 'मुलगा / मुलगी' या शब्दांपुढे पेनाने सून असं लिहिलं आणि खाली सही केली. मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मालकांनी चष्मा लावून वाचलं.

"सून चालत नाही. तूच काढलं होतंस."

"माहीत आहे."

"नवरा काय म्हणतो?"

"तो म्हणतो, सही मागू नका."

"काही झालं तर तुझ्या घरात तुला उभं करणार नाहीत," मालक म्हणाले. "आणि मलाही सोडणार नाहीत. सगळं वाचलंस का नीट? चक्कर लिहिलंय इथे."

"मीच लिहिलंय."

मालकांनी पेन उघडलं. "माझी मुलगीसुद्धा मला पाठवत नाही," ते म्हणाले, जणू हा त्याच कागदातला मुद्दा होता. मग त्यांनी सून या शब्दाशेजारी आपली आद्याक्षरं घातली आणि शिक्का मारला.

नवऱ्याला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. तो बुटाची नाडी सोडत होता.

"कुणी केली सही?"

"मी."

"आणि काही झालं तर?"

"तर मी जबाबदार. कागदावर तसं लिहिलंय."

"ताई फाडून खाईल तुला."

"फोन आला की मला द्या," ती म्हणाली. "तुम्ही मध्ये पडू नका."

त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. जरा वेळाने आत येऊन विचारलं की आईची ती जुनी बॅग चालेल का, तिचं एक चाक अडकतं, तेल घालून बघतो.

सहल निघाली ती सकाळच्या विमानाने. इतक्या वर्षांत व्हिसाबाई कुणाला पोचवायला विमानतळावर गेली नव्हती. ते काम सहलीबरोबर जाणाऱ्या व्यवस्थापकाचं. त्या दिवशी नवऱ्याबरोबर ती गेली. वेगवेगळ्या घरांतून आलेली एकोणचाळीस म्हातारी माणसं एका रंगाच्या टोप्या घालून खांबाजवळ जमली होती आणि त्यांच्याभोवती त्यांची मुलं उभी होती, शाळेच्या सहलीला पोरांना सोडायला आल्यासारखी. पाणी पीत राहा. एकटं कुठे जाऊ नका. पोचल्यावर फोन. म्हातारी माणसं हो हो म्हणत होती आणि डोळे काचेच्या दाराकडे.

सासूबाईंची खुर्ची आली. ढकलणारी एक धडधाकट बाई होती. सासूबाई बसल्या, पाय पाट्यांवर ठेवले, पिशवी मांडीवर घेतली. मुलाने वाकून काहीतरी सांगितलं, त्यांनी त्याचा खांदा थोपटला. सुनेला म्हणाल्या, "पाण्याची मोटर सातनंतर लावू नको, शेजारी ओरडतात," आणि खुर्ची निघाली. दारातून आत जाताना सासूबाई त्या बाईला काहीतरी विचारत होत्या. मागे वळून बघितलं नाही. बघायचं राहून गेलं असावं.

नवरा गाडी आणायला गेला. व्हिसाबाई खांबापाशी उभी होती तेव्हा चाळिशीचा एक माणूस तिच्याकडे आला. महिन्याभरापूर्वी तिने त्याला तासभर समजावून वडलांच्या संमतीपत्रावर सही घेतली होती.

"मॅडम, तुम्ही इथे? बरं झालं भेटलात. काही होणार नाही ना हो बाबांना?"

या प्रश्नाला तिच्याकडे एक उत्तर होतं. ते तिने शेकडो लोकांना दिलं होतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही ठरलं होतं. ते तिच्या तोंडापर्यंत आलं.

"सांगता येत नाही," ती म्हणाली.

त्या माणसाचा चेहरा उतरला. तो पुढे काही ऐकायला थांबला.

"त्यांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत दिल्यात ना? मोठ्या बॅगेत नाही?"

"पिशवीतच दिल्यात."

"मग आपल्या हातात होतं तेवढं झालं," व्हिसाबाई म्हणाली. "माझ्या सासूबाई पण त्यातच आहेत. चला, गाडी आली आमची. तुम्हाला कुठे सोडायचंय?"